कुपीवर 'मानवी' लिहिले आहे म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या विज्ञानाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात अकरा ओळींची एक चौकट होती. जिवाणूंकडून 'मानवी ट्रान्समेम्ब्रेन प्रथिन' बनवून घेता येते, ते आता संशोधकांना कुपीत मिळते आणि त्यामुळे एका जुनाट आजारावरचा उपाय हाताशी आला आहे, असे तीत म्हटले होते. पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे त्यांच्यातून निघत नाही.

एरवी मी पत्र लिहिले नसते. विज्ञानाच्या बातम्या वाचता वाचता मनातल्या मनात दुरुस्त्या करायची मला सवय आहे आणि तिचा कुणाला त्रास नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका दारात उभे. एका हातात ते कात्रण, दुसऱ्या हातात भिंग. त्यांच्या पत्नीला तोच आजार आहे. त्याचे नाव लिहीत नाही, तो त्यांचा खासगी प्रश्न. काकांनी नातवाकरवी इंटरनेटवर शोध घेतला होता आणि ते प्रथिन विकणाऱ्या एका कंपनीचे पान छापून आणले होते. त्यावर 'रिकॉम्बिनंट ह्यूमन' (म्हणजे मानवी जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले), पुढे प्रथिनाचे नाव, ५० मायक्रोग्रॅम, शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक. "ताई, तुम्ही याच कामात होता ना? हे मागवता येईल का? आणि दिवसातून किती वेळा द्यायचं?"

मी प्रथिने शुद्ध करणाऱ्या प्रयोगशाळेत २६ वर्षे तांत्रिक सहायक होते. शास्त्रज्ञ नव्हे. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या परिच्छेदात ज्यांची नावे येतात, त्यांच्यातली मी. त्यातली बहुतेक वर्षे पेशीच्या पटलात बसणाऱ्या प्रथिनांशी झगडण्यात गेली. काकांना 'नाही' म्हणायला मला क्षणही लागला नाही. 'का नाही' हे सांगायला मात्र दीड तास लागला. तो दीड तास इथे मांडते आहे. जागा कमी पडली तर हवे ते कापा, फक्त माझ्या चुकांचा भाग ठेवा.

आधी शब्दाचे बघू. ट्रान्समेम्ब्रेन, म्हणजे पटलाच्या आरपार गेलेले. शाळेच्या पुस्तकात 'प्रद्रव्यपटल' असा चांगला शब्द आहे, पण प्रयोगशाळेत तो मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. सगळे 'मेम्ब्रेन'च म्हणतात. हे पटल मेदाच्या दोन थरांचे असते, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, आणि त्यातला मधला निव्वळ तेलकट भाग सुमारे ३ नॅनोमीटरचा. प्रथिनाची, म्हणजे अमिनो आम्लांची, साखळी त्यातून जाताना बहुधा मळसूत्रासारखी वळलेली असते. अशा वळणात एकेका अमिनो आम्लामागे ती ०.१५ नॅनोमीटर पुढे सरकते. तेव्हा हा तेलकट भाग ओलांडायला सुमारे २० अमिनो आम्ले लागतात आणि तीही पाण्याचे वावडे असलेली. काइट आणि डूलिटल या दोघांनी १९८२ मध्ये प्रत्येक अमिनो आम्लाला या वावड्याचे गुण ठरवून दिले. साखळीवरून १९ आम्लांची खिडकी सरकवत न्यायची, गुणांची सरासरी काढायची, की आरपार जाणारे तुकडे आलेखात डोंगरासारखे वर येतात. हे काम संगणकाचे असले तरी कागदावरही होते. मी एकदा हौसेने केले आहे, एक अख्खी दुपार गेली.

माणसाच्या शरीरात प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. त्यांपैकी साधारण एक चतुर्थांश जनुके पटलात बसणाऱ्या प्रथिनांची. यातली कित्येक प्रथिने आधी नुसत्या अशा गणितातूनच हाती आली. आरपार जातात एवढे समजले, करतात काय ते समजले नाही. मग त्यांना 'टीमेम' असे आडनाव आणि एकेक क्रमांक देऊन टाकला. टीमेम हे ट्रान्समेम्ब्रेनचेच लघुरूप. रांगेतले टोकन म्हणा हवे तर. पुढे काम कळले की टोकन टाकून खरे नाव मिळते. टीमेम-१७३ हे पेशीत भलत्या ठिकाणी डीएनए सापडल्याची वर्दी पुढे पोचवते असे कळले आणि ते 'स्टिंग' झाले. टीमेम-१६ए ची गोष्ट मला जास्त आवडते. २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवले, की ही कॅल्शियमच्या इशाऱ्यावर उघडणारी क्लोराइडची वाहिनी, म्हणजे पटलातून क्लोराइडला ये-जा करू देणारी वाट आहे. नवे नाव ठेवले 'ॲनॉक्टामिन'. त्यातला 'ऑक्ट' आठचा, कारण साखळी पटलातून आठ वेळा आरपार जाते असा हिशेब होता. २०१४ मध्ये याच कुटुंबातल्या एका बुरशीच्या प्रथिनाची रचना प्रत्यक्ष दिसली, तर फेऱ्या निघाल्या दहा. नाव काही बदलले नाही.

काकांना मी सांगितले, की 'ट्रान्समेम्ब्रेन' हा नुसता पत्ता आहे. पत्त्यावरून धंदा कळत नाही.

आता 'मानवी' या शब्दाकडे येते, कारण काकांची सगळी आशा त्यावर टेकली होती. माणसाचे आहे, मग माणसाला चालायला काय हरकत? या कुपीतले प्रथिन कुठल्याही माणसाच्या शरीरातून आलेले नसते. मानवी असते ती फक्त अक्षरांची क्रमवारी. माणसाच्या जनुकाची नक्कल एका छोट्या गोल डीएनएत घालतात, तो गोल जिवाणूत सोडतात आणि जिवाणूला इशारा देतात, की आता दुसरे काही करू नकोस, एवढेच बनव. इन्सुलिन असेच बनते आणि आपल्या चौकटीत त्याचा दाखला होताच. तोच मला खटकला. जिवाणूंच्या मदतीने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये औषध म्हणून परवानगी मिळाली, हे खरे. पण इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे, दोन लहान साखळ्यांचे आणि पाण्यात विरघळणारे. ते रक्तातून फिरणारे संप्रेरक आहे, फिरणे हेच त्याचे काम. पटलातले प्रथिन फिरत नाही. त्याची अर्धी अंगकाठी तेलात रुतलेली असते. पाण्यात सोडले की त्याचे तेलकट भाग एकमेकांना बिलगतात आणि सगळ्याचा गोळा होतो. जिवाणूच्या आतही तेच घडते. त्याच्या इवल्याशा पटलात या पाहुण्यांना पुरेशी जागा नसते. प्रथिने आतच साचून घट्ट गठ्ठे होतात किंवा जिवाणूच मान टाकतो. शिवाय मानवी पेशी आपल्या अनेक प्रथिनांवर साखरेच्या फांद्या जोडते. ई. कोलाय हा आमचा नेहमीचा कामकरी जिवाणू त्या तशा जोडत नाही.

म्हणून काही जण हे काम पतंगाच्या अंडाशयातून आलेल्या पेशींकडे सोपवतात, काही जण मानवी पेशींकडे. 'हेक २९३' नावाची पेशींची एक जात यासाठी फार वापरतात. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे फ्रँक ग्रॅहम यांनी ती मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून तयार केली. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक. वहीत क्रमांक घालायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी ही गोष्ट ऐकवत असे.

पेशी वाढल्या की खरी मेहनत पुढेच. पेशी फोडायच्या, एक लाख पट गुरुत्वाच्या वेगाने तासभर फिरवून पटलांचा तपकिरी साका खाली बसवायचा, मग सौम्य डिटर्जंटने प्रथिन त्यातून सोडवायचे. डिटर्जंटचे रेणू तेलकट भागाभोवती पट्ट्यासारखे बसतात आणि प्रथिनाला वाटते आपण अजून पटलातच आहोत. निदान वाटावे अशी आपली इच्छा असते. प्रथिनाच्या टोकाला आधीच सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडलेली असते. ती निकेल धरून ठेवते, म्हणून निकेलचा निळसर कॉलम, म्हणजे निकेल धरलेले मणी भरलेली नळी, वापरतात. कुणी चुकून ईडीटीए हे धातू ओढून घेणारे रसायन असलेले द्रावण ओतले की निकेल वाहून जाते आणि कॉलम डोळ्यांदेखत पांढरा पडतो. पाण्यात राहणारे प्रथिन असेल तर लिटरभर जिवाणूंतून दहा-वीस मिलिग्रॅम सहज हाती येते. आमच्या प्रथिनांचे एक मिलिग्रॅम आले तरी त्या दिवशी कुणी कुणावर ओरडायचे नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे काकांनीही विचारले. आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधे पटलातल्या प्रथिनांवर काम करतात. त्यांतले जी-प्रथिनांशी जोडलेले ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश पकडून पेशीत पोचवणारी प्रथिने, हे एकच कुटुंब घेतले, तर माणसात ते सुमारे ८०० आहेत आणि साधारण एक तृतीयांश औषधांचा रोख त्यांच्यावर असतो. म्हणून ही प्रथिने वेगळी काढून अभ्यासावी लागतात. पण औषध वेगळे आणि औषधाचे लक्ष्य वेगळे. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचे उदाहरण मी काकांना दिले. त्यातले सीएफटीआर हे प्रथिन १४८० अमिनो आम्लांचे, पटलातून आरपार जाणारे. त्याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. बहुसंख्य रुग्णांत ५०८ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल गळालेले असते. २०१२ मध्ये या प्रथिनावर थेट काम करणाऱ्या पहिल्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली, तीही सुरुवातीला वेगळा दोष असलेल्या थोड्या रुग्णांसाठी. जनुक सापडल्यापासून २३ वर्षांनी. आणि रुग्णाला जी दिली जाते ती गोळी. सीएफटीआर प्रथिन कुणी कुणाला पाजत नाही.

"मग या कुपीत आहे तरी काय?" काकांनी भिंग कागदावर टेकवून विचारले.

५० मायक्रोग्रॅम म्हणजे जवळजवळ काही दिसतच नाही. गोठवून सुकवलेले प्रथिन कुपीच्या तळाशी पांढऱ्या धुरकट डागासारखे असते, कधी झाकणाला चिकटलेले. म्हणून उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्यावी लागते, नाहीतर झाकणाबरोबर प्रथिन जाते. त्या डागात बराचसा भाग प्रथिनाचा नसतोच. क्षार असतात, सुकवताना प्रथिन टिकावे म्हणून घातलेली ट्रेहालोज ही शर्करा असते, कधी डिटर्जंटचे, कधी कॉलमवरून प्रथिन सोडवायला वापरलेल्या इमिडाझोल या रसायनाचे अवशेष. शुद्धता ९० टक्के लिहिली असेल तर उरलेल्या १० टक्क्यांपर्यंत जिवाणूची स्वतःची प्रथिने असू शकतात. जिवाणूच्या बाह्य आवरणातले विष त्यात किती उरले आहे, ते काढून टाकले नसेल किंवा मोजलेच नसेल, तर ठाऊक नसते. किलोमागे काही नॅनोग्रॅम एवढे ते विष रक्तात गेले तरी माणसाला ताप भरतो. 'फक्त संशोधनासाठी' ही ओळ वकिलाने टाकायला लावलेली असेल. पण मी ती अक्षरशः घेते. ती कुपी निर्जंतुक नसते, मात्रा ठरलेली नसते आणि ती माणसाच्या शरीरात जाईल असे गृहीत धरून कुणी बनवलेली नसते.

काका गप्प झाले. मला वाईट वाटले, म्हणून मी त्यांना सांगितले की या लेबलाने फसणारे तुम्ही पहिले नाही. आम्ही रोज त्यातच असून फसलो.

माझी पहिली चूक अगदी नवखेपणातली. प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी होऊन पट्ट्यांत दिसतात त्या जेलवर चालवण्याआधी प्रथिनाचा नमुना ९५ अंशांना पाच मिनिटे उकळायचा, असे शिकले होते. तसे केले. पट्टा आलाच नाही. दोन दिवस पेशींना दोष दिला. मग आमच्या वरिष्ठ बाईंनी जेल उजेडासमोर धरले आणि सगळ्यात वर बोट ठेवले, जिथे नमुना ओततात त्या खाचेत. निळा ठिपका तिथेच बसलेला. उकळल्याने पटलातली प्रथिने एकमेकांत गुंतून एवढी मोठी झाली होती की जेलमध्ये शिरूच शकली नाहीत. "सापडलं की तुझं प्रथिन. घरातून बाहेर पडलंच नाही ते," बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी ३७ अंशांवरच थांबले. पट्टा आला तरी तो खऱ्या वजनाच्या जागी येईलच असे नाही, हेही त्यांनीच शिकवले. ही प्रथिने जेलवर अनेकदा असतात त्याहून हलकी दिसतात.

दुसरी चूक एकटीची नव्हती आणि ती महाग पडली.

टीमेम मालिकेतल्या एका प्रथिनाला विशिष्ट लहान रेणू चिकटतो का, हे आमच्या गटाला तपासायचे होते. साखळी सहा वेळा आरपार जाणारी. स्वतः बनवायचे तर वर्ष जाईल, म्हणून विकत घेतले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण तिने खोटे काहीच सांगितले नव्हते. 'पूर्ण लांबीचे', 'मानवी', 'ई. कोलाय', 'शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक'. कुपीत सांगितल्याप्रमाणे पाणी घातले आणि भुकटी मुकाट्याने विरघळली. आता वाटते, तिथेच मला थांबायला हवे होते. सहा वेळा तेलातून जाणारे प्रथिन साध्या पाण्यात, डिटर्जंटचा थेंब नसताना विरघळलेच कसे? सोळा-सतरा वर्षे हेच काम केलेली मी. पण कुपीवर नाव छापलेले होते आणि गटप्रमुख मागे उभे होते.

प्रथिन ९६ खाचांच्या प्लेटमध्ये बसवले, चमकणारी खूण लावलेला रेणू वर ओतला, धुतले, यंत्रात घातले. आकडे चढलेले. पुन्हा केले, पुन्हा चढलेले. गटप्रमुखांनी पुढच्या बैठकीसाठी आलेख मागवला. एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या प्रकरणांची नावेही लिहून टाकली. चौथ्या महिन्यात आम्ही रेणूची थोडीथोडी बदललेली रूपे तपासायला घेतली. त्यांतली दोन तर मुद्दाम बिघडवलेली होती. तीही तितकीच चिकटली. सगळेच चिकटते आहे हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रथिनाचा थोडा भाग उकळला. जाणूनबुजून, पाच मिनिटे, नवखी असताना उकळला होता तसाच. तोही प्लेटमध्ये बसवला. सकाळी आकडे पाहिले. उकळलेल्या प्रथिनालाही रेणू तेवढाच चिकटला होता, किंचित जास्तच.

प्रथिनाने रेणूला ओळखले वगैरे काही नव्हतेच. प्लेटच्या तळाशी तेलकट लगदा बसला होता आणि जे वर ओतावे ते त्याला चिकटत होते. उरलेली कुपी जोरात फिरवून पाहिली, तर तळाशी पांढरी टिकली आणि वरच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. आम्ही 'विरघळले' म्हणत होतो ते डोळ्यांना न दिसणारे गोळे होते. कंपनीला ईमेल केली. उत्तर दोन दिवसांत आले, सभ्य आणि सरळ. प्रथिन जिवाणूतल्या गठ्ठ्यांतून काढले होते, युरियात त्याची साखळी उलगडली होती, मग युरिया काढून टाकला होता. ते पुन्हा आपल्या योग्य आकारात दुमडले आहे का आणि काम करते का, हे तपासलेले नव्हते. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर तसे छापलेही होते, 'सक्रियता: तपासलेली नाही'. दुसरे पान आमच्यापैकी कुणीच उलटले नव्हते. कुपी शीतपेटीत ठेवायची कितीवर, एवढे पाहून मीच तो कागद फाइलला लावला होता.

पुढे आम्ही ते प्रथिन हेक पेशींत स्वतः बनवले. अकरा महिने लागले. रेणू चिकटला नाही. त्या विद्यार्थिनीने प्रबंधाचा विषय बदलला आणि मला त्याबद्दल आजही बोलायला आवडत नाही, पण ज्या पत्रात वर्तमानपत्राची चूक दाखवायची त्यात आपली लपवणे बरे नव्हे.

उलगडलेले प्रथिन पुन्हा दुमडतच नाही, असेही मी म्हणत नाही. हरगोविंद खुराना यांचे नाव आपल्याकडे १९६८ च्या नोबेलसाठी सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी नंतरची पुष्कळ वर्षे पटलातल्या प्रथिनांना दिली, हे फार थोड्यांना माहीत असते. मिठागरात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे सात वेळा आरपार जाणारे प्रथिन असते. खुराना यांच्या गटाने १९८१ मध्ये ते पूर्ण उलगडून, मेद आणि डिटर्जंटच्या सोबतीत पुन्हा दुमडून दाखवले. मला या प्रयोगातले सगळ्यात सुंदर वाटते ते वेगळेच. त्या प्रथिनाला स्वतःचा जांभळा रंग आहे. अ जीवनसत्त्वाच्या नात्यातला एक रेणू त्यात नीट बसला की रंग येतो. उलगडले की रंग जातो, पुन्हा दुमडले की जांभळे होते. जमले की नाही हे नळीकडे बघूनच कळते. आमच्या पांढऱ्या भुकटीला असा रंग नव्हता. बहुतेक प्रथिनांना नसतो. म्हणून कुणीतरी ते काम करते का हे तपासावे लागते आणि तपासले नसेल तर तसे छापलेली ओळ वाचावी लागते.

तुकडा विकणे हीसुद्धा फसवणूक नव्हे. कोरोनाच्या साथीत विषाणू ज्या एसीई-२ प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते ८०५ अमिनो आम्लांचे, पटलातून एकदाच आरपार जाणारे. प्रयोगशाळांनी त्याचा पटलाबाहेरचा भाग, साधारण ७४० व्या आम्लापर्यंतचा, तेवढाच बनवला. तेलकट तुकडा गाळल्यामुळे तो पाण्यात सुखाने राहिला. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे विषाणूचा काटा या प्रथिनाला लागण्यापासून अडवतात का, हे त्यावर हजारो नमुन्यांत तपासता आले. प्रश्न बाहेरच्या भागाचा होता, बाहेरचा भाग पुरला. प्रतिपिंडे तयार करायला किंवा मोजणीचे प्रमाण म्हणून तर कधी कधी न दुमडलेला तुकडाही चालतो. वाहिनी उघडते का, रेणू आत बसतो का, असा प्रश्न असेल तर नाही चालत.

तेव्हा आपल्या पानासाठी विनंती एवढीच आहे. अशी बातमी छापताना प्रथिन कुठल्या पेशीत बनवले, पूर्ण आहे की तुकडा आणि ते काम करते हे कुणी दाखवले का, हे बातमीदाराने विचारून घ्यावे. तीन प्रश्न, फोनवर दोन मिनिटे. उत्तर मिळाले नाही तर तसे लिहावे. मथळ्यात 'मानवी प्रथिन' याऐवजी 'मानवी जनुकावरून बनवलेले प्रथिन' म्हणावे. अक्षरे जास्त लागतील, पण अकरा ओळींत 'क्रांतिकारी' हा शब्द दोनदा आला होता, तेवढी जागा त्यातून निघते. आणि 'उपाय हाताशी' हे शब्द, कृपा करून, कुठल्यातरी रुग्णाला गोळी मिळू लागेपर्यंत राखून ठेवावेत.

काकांनी छापील पान माझ्याकडेच ठेवले. जाताना म्हणाले, "पेपरवाले चुकलं म्हणून छापतील का?" छापतील, असे मी आपल्या वतीने सांगून टाकले आहे. कात्रण मात्र त्यांनी पुन्हा घडी घालून खिशात ठेवले. खुलासा छापलात तर त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात छापा. टाइप थोडा मोठा ठेवा. ते भिंगाने वाचतात.

आपली,
एक निवृत्त तांत्रिक सहायक
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, छापू नये)